खगोलशास्त्राचे अध्यापन आणि पूर्वज्ञानाची चाचणी : एक चिकित्सा

बी.एड.च्या पाठटाचणात ‘पूर्वज्ञान’ असा एक रकाना असतो. खगोलशास्त्राच्या घटकासाठी तेथे बहुधा ‘विद्यार्थ्यांना सूर्य, चंद्र व तारे माहीत आहेत’ अशा स्वरूपाचे वाक्य लिहिले जाते आणि दोन-तीन प्रास्ताविक प्रश्नांनंतर हेतुकथन उरकले जाते. या पद्धतीत पूर्वज्ञान तपासले जात नाही, गृहीत धरले जाते. वास्तविक या विषयात विद्यार्थी कोरी पाटी घेऊन येत नाही. रोज पाहिलेल्या आकाशाचा स्वतः लावलेला अर्थ तो सोबत आणतो.

स्टेला वोस्नियाडू आणि विल्यम ब्रूअर यांनी अमेरिकेतील पहिली, तिसरी व पाचवीच्या ६० मुलांवर केलेला अभ्यास १९९२ मध्ये प्रसिद्ध झाला. पृथ्वी गोल असल्याचे सांगणाऱ्या मुलांना ‘सरळ चालत राहिल्यास कोठे पोहोचाल?’ असे विचारता निराळेच चित्र समोर आले. कोणाची पृथ्वी थाळीसारखी होती, कोणाची पोकळ व आत सपाट जमीन असलेली. काहींच्या मनात तर दोन पृथ्व्या होत्या. मराठीत ‘गोल’ हा शब्द भाकरीलाही चालतो आणि चेंडूलाही. ‘पृथ्वीचा आकार ____ आहे’ ही रिकामी जागा अचूक भरली गेली, तरी शिक्षकाच्या हाती काहीच लागत नाही.

अर्थात या निष्कर्षांवरही आक्षेप आहेत. स्वीडनमधील संशोधकांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मुलाखतीच्या वेळी पृथ्वीगोल समोर ठेवला होता. तेव्हा मुलांची उत्तरे कितीतरी सरस आली. म्हणजे चुकीच्या संकल्पनांचा काही भाग प्रश्नांच्या रचनेतूनच उपजतो काय? आक्षेप वजनदार आहे, परंतु निर्णायक नाही. कारण समोरचा पृथ्वीगोल निम्मे उत्तर आधीच देऊन टाकतो. एकाच साधनावर विसंबणे दोन्ही बाजूंनी धोक्याचे आहे, एवढे मात्र यातून निश्चित होते.

आपल्याकडे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातील शमिन पडळकर व जयश्री रामदास यांनी महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांचा अभ्यास करताना पाठ्यपुस्तकी माहितीसोबत निरीक्षण आणि परंपरागत ज्ञान यांचीही दखल घेतली. ही दिशा अधिक फलदायी वाटते. संकष्टीला चंद्रोदयाची वाट पाहणाऱ्या घरातील मुलाला कृष्ण चतुर्थीचा चंद्र सूर्यास्तानंतर बऱ्याच उशिरा उगवतो हे ठाऊक असते. चाचणीत ते कोणी विचारीत नाही. उलट, ‘दुपारी बारा वाजता सूर्य डोक्यावर येतो’ हा रूढ वाक्प्रयोग तपासल्याविना वर्गात शिरतो. पुण्यात सूर्य बरोबर माथ्यावर वर्षातून दोनच दिवस येतो, मेच्या मध्यास व जुलैअखेर.

शिक्षकही यास अपवाद नाहीत. ‘अ प्रायव्हेट युनिव्हर्स’ या १९८७ च्या अनुबोधपटात हार्वर्डचे पदवीधर पृथ्वी सूर्याजवळ आल्याने उन्हाळा होतो, असे आत्मविश्वासाने सांगताना दिसतात. प्रत्यक्षात पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या आरंभी, म्हणजे आपल्या ऐन थंडीत. साठ मुलांच्या वर्गात व्यक्तिगत मुलाखती अशक्य, ही सबब खरी आहे. परंतु ‘आकृती काढा व कारण लिहा’ एवढा एक प्रश्न तासिकेच्या पहिल्या दहा मिनिटांत मावतो, आणि तो प्रथम अध्यापक महाविद्यालयातील छात्राध्यापकांनाच द्यावयास हवा.