उसना सूर आणि ऋणाची कबुली : ‘द क्लॅश’च्या गीतरचनेचा तौलनिक विचार

एका संस्कृतीने दुसऱ्या संस्कृतीकडून काय घेतले याची नोंद करणे हे तौलनिक साहित्याभ्यासाचे जुने काम होय. घेणाऱ्याने ते कोणत्या नात्याने घेतले, हा प्रश्न मात्र तुलनेने उशिरा विचारला जाऊ लागला. वसाहतवादाच्या इतिहासाने ज्यांच्यात सत्तेचे विषम संबंध निर्माण केले, अशा दोन समाजांमध्ये जेव्हा ही देवघेव घडते, तेव्हा हा दुसरा प्रश्न टाळता येत नाही. १९७६ ते १९८६ या काळात कार्यरत असलेल्या ‘द क्लॅश’ या लंडनमधील पंक रॉक बँडची गीते या दृष्टीने अभ्यासण्याजोगी आहेत. या बँडचे वर्णन सहसा ‘बंडखोर तरुणाईचा आवाज’ असे केले जाते. त्यात तथ्य असले, तरी त्यामुळे या गीतांतील एक अधिक महत्त्वाची गोष्ट नजरेआड होते. गोऱ्या इंग्रज तरुणांनी जमैकन संगीताकडून केलेली उसनवारी हा या गीतांचा पाया आहे, आणि त्यांपैकी उत्तम गीतांत ही उसनवारीच गीताचा विषय बनते. ज्या गीतांत ऋणकोने आपले स्थान लपवलेले नाही ती गीते टिकाऊ ठरली, आणि जेथे ते स्थान पुसट झाले तेथे गीताचा अर्थ कोणाच्याही हाती जाऊ शकला, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

१. पार्श्वभूमी

१९७६ साली जो स्ट्रमर, मिक जोन्स आणि पॉल सिमनन यांनी व्यवस्थापक बर्नी ऱ्होड्स यांच्या पुढाकाराने हा बँड उभा केला. त्याच वर्षी ४ जुलै रोजी शेफील्ड येथे ‘सेक्स पिस्टल्स’च्या जोडीने त्यांचा पहिला जाहीर कार्यक्रम झाला. १९७७ मध्ये टॉपर हेडन हा तालवादक म्हणून दाखल झाल्यावर बँडला स्थिर रूप आले. सर्वसाधारणपणे शब्द स्ट्रमरचे आणि चाली जोन्सच्या, अशी कामाची वाटणी होती.

जोन्स आणि सिमनन यांचे बालपण दक्षिण लंडनमधील ब्रिक्स्टन परिसराशी निगडित होते. कॅरिबियन स्थलांतरितांच्या या वस्तीत रेगे संगीत रोजच्या कानावरचे होते. स्ट्रमरची गोष्ट वेगळी होती. जॉन ग्रॅहम मेलर हे मूळ नाव असलेल्या या कवी-गायकाचा जन्म १९५२ साली अंकारा येथे झाला. त्याचे वडील ब्रिटिश परराष्ट्र सेवेत होते आणि त्यांचा स्वतःचा जन्म लखनौचा. त्याचे शिक्षण वसतिगृहाच्या खासगी शाळेत झाले. श्रमिकांची भाषा बोलणारा हा गायक साम्राज्याच्या नोकरशाहीशी जोडलेल्या घरातून आला होता. टीकाकारांनी याला दांभिकपणा म्हटले. परंतु त्याच्या शब्दांत वारंवार दिसणारी ‘आपण येथे परके आहोत’ ही जाणीव पाहता, या विसंगतीकडे केवळ दोष म्हणून पाहणे पुरेसे ठरत नाही.

त्या काळचा ब्रिटन बेकारी आणि वंशद्वेष यांनी ग्रासलेला होता. नॅशनल फ्रंटसारखी संघटना निवडणुकांत मते मिळवीत होती. ऑगस्ट १९७६ मध्ये बर्मिंगहॅम येथील कार्यक्रमात एरिक क्लॅप्टनने स्थलांतरविरोधी राजकारणी इनॉक पॉवेल यांचा जाहीर पुरस्कार केला. ज्याची सारी कारकीर्द कृष्णवर्णीय ब्लूज संगीतावर उभी होती अशा कलावंताचे हे उद्गार होते. त्यांच्या निषेधातून ‘रॉक अगेन्स्ट रेसिझम’ ही चळवळ जन्मली. उसनवारीचा प्रश्न त्यामुळे केवळ सौंदर्यशास्त्राचा राहिला नाही.

२. दोन गीते : अनुकरण आणि आत्मपरीक्षण

त्याच महिन्यात नॉटिंग हिलच्या कार्निव्हलमध्ये कृष्णवर्णीय तरुण आणि पोलीस यांच्यात संघर्ष झाला. स्ट्रमर आणि सिमनन त्या वेळी तेथे हजर होते. या अनुभवातून ‘व्हाइट रायट’ (१९७७) हे गीत आले. कृष्णवर्णीयांनी प्रतिकाराचे धैर्य दाखवले, गोरे तरुण मात्र निमूट राहिले, हा त्याचा आशय. शीर्षक मात्र निसरडे होते. गोऱ्यांच्या दंगलीची हाक म्हणून त्याचा विपरीत अर्थ लावणे सहज शक्य होते, आणि तसा तो लावलाही गेला. येथे कवी दुसऱ्याच्या लढ्याकडे कौतुकाने पाहतो. त्या लढ्याशी आपले नाते काय, हे मात्र तो स्वतःला विचारत नाही.

पहिल्या संग्रहातील (एप्रिल १९७७) ‘पोलीस अँड थीव्ज’ हे गीत त्यापुढचे पाऊल टाकते. मूळ गीत ज्युनियर मर्विन या जमैकन गायकाचे. निर्मिती ली पेरी यांची. चौदा गीतांच्या त्या संग्रहातील हे एकमेव परकीय गीत, आणि लांबीनेही सर्वांत मोठे. बँडने रेगेची हुबेहूब नक्कल केली नाही. मर्विनचा तरल, उंच स्वर सोडून स्ट्रमरच्या खरखरीत आवाजात आणि गिटारींच्या कोरड्या आघातांत ते बांधले. मूळ कृती कोणाची हे स्पष्ट राहिले आणि भाषांतरकाराचा हेलही लपला नाही. या गीताला मूळ परंपरेकडून उत्तरही आले. बॉब मार्ली यांनी पेरी यांच्यासमवेत केलेल्या ‘पंकी रेगे पार्टी’ (१९७७) या गीतात या बँडचा नामोल्लेख आहे. त्याच वर्षी बँडच्या ‘कम्प्लीट कंट्रोल’ या गीताची निर्मिती पेरी यांनी केली. प्रभावाचा प्रवास एकमार्गी नसतो, याचे हे नेमके उदाहरण होय.

जून १९७८ मध्ये आलेले ‘व्हाइट मॅन इन हॅमरस्मिथ पॅले’ हे गीत या साऱ्या विचाराचा मध्यबिंदू आहे. एका रात्री स्ट्रमर जमैकन गायकांच्या कार्यक्रमाला गेला. त्याची अपेक्षा होती ती विद्रोही गाण्यांची. रंगमंचावर मात्र सफाईदार करमणूक चालली होती. गीतातील निवेदकाचा अपेक्षाभंग होतो, पण गीत तेथे थांबत नाही. कृष्णवर्णीय कलावंताने सदैव बंडखोरच असावे, ही मागणी करण्याचा अधिकार या गोऱ्या श्रोत्याला कोणी दिला, असा प्रश्न शीर्षकातच दडलेला आहे. पुढे निवेदकाची नजर पंक बँडांच्या विकाऊपणाकडे आणि देशातील फॅसिस्ट प्रवृत्तींना मिळणाऱ्या आदराकडे वळते, आणि अखेरीस तो स्वतःच्या एकाकीपणापाशी येऊन थांबतो. चालही अशीच दुभंगलेली आहे. रेगेचा ठेका घेतलेला आहे, पण त्यावर माउथ ऑर्गन आणि रॉकच्या गिटारी चढवलेल्या आहेत. केवळ छापील शब्द वाचणाऱ्या अभ्यासकाला हा ताण जाणवणार नाही; गीताची संहिता आणि त्याचे सादरीकरण येथे एकत्रच वाचावे लागते.

डिक हेब्डिज यांनी १९७९ साली पंककडे कृष्णवर्णीय अस्मितेचे गोऱ्यांनी केलेले ‘भाषांतर’ म्हणून पाहिले होते. ही संकल्पना उपयुक्त आहे, पण तिला एक जोड द्यावी लागते. भाषांतरकार स्वतःला अदृश्य करतो की दृश्य ठेवतो, यावर भाषांतराची नैतिकता अवलंबून असते. ‘व्हाइट मॅन’मध्ये तो पूर्णपणे दृश्य आहे.

३. बाजारपेठेशी करार

जानेवारी १९७७ मध्ये या बँडने सीबीएस या बलाढ्य कंपनीशी एक लाख पौंडांचा करार केला. पंक त्याच दिवशी संपले, अशी टीका चाहत्यांच्या नियतकालिकातून झाली. पुढे कंपनीने बँडला न विचारता एक गीत स्वतंत्र ध्वनिमुद्रिका म्हणून प्रसिद्ध केले, तेव्हा बँडने त्याचाच निषेध ‘कम्प्लीट कंट्रोल’मध्ये नोंदवला. हा निषेध विकला मात्र त्याच कंपनीने. ‘लंडन कॉलिंग’ (डिसेंबर १९७९) हा दोन तबकड्यांचा संच एका तबकडीच्या किमतीच्या आसपास विकण्यात आला. तीन तबकड्या आणि छत्तीस गीते असलेल्या ‘सँदिनिस्ता!’च्या (डिसेंबर १९८०) वेळी किंमत कमी राहावी म्हणून ब्रिटनमधील पहिल्या दोन लाख प्रतींवरील मानधनावर बँडने पाणी सोडले. व्यवस्थेच्या बाहेर राहता येत नसेल, तर आत राहून तिची किंमत स्वतः मोजावी, असा हा व्यवहार होता. त्यात विसंगती आहे. ती झाकलेली मात्र नाही.

४. विस्तार आणि त्याची मर्यादा

‘लंडन कॉलिंग’ हे शीर्षक बीबीसीच्या परदेशी प्रसारणाच्या उद्घोषणेवरून घेतलेले आहे. साम्राज्याच्या केंद्रातून जगाला उद्देशून दिली जाणारी ती ओळख होती. गीतात त्याच केंद्रातून महापूर, दुष्काळ आणि अणुसंकटाची वार्ता येते. याच संचातील ‘स्पॅनिश बाँब्ज’मध्ये १९३०च्या दशकातील यादवी युद्ध, कवी लोर्का आणि स्वस्त सहलीला गेलेला आजचा इंग्रज पर्यटक एकमेकांशेजारी उभे केले आहेत. ध्रुवपदातील स्पॅनिश सदोष आहे, पण त्यातून गाणारा बाहेरचा आहे हे कळते. २०१३ मध्ये ग्रानादा शहराने एका छोट्या चौकाला स्ट्रमरचे नाव दिले, ही या ऋणाची पोचच म्हणता येईल.

निकाराग्वातील क्रांतिकारकांचे नाव धारण करणाऱ्या ‘सँदिनिस्ता!’विषयी मात्र निःसंदिग्ध गौरव करता येत नाही. ‘वॉशिंग्टन बुलेट्स’मध्ये चिली आणि क्यूबापासून तिबेट व अफगाणिस्तानपर्यंतचा पट येतो. अमेरिकेबरोबर सोव्हिएत संघ आणि चीन यांनाही जबाबदार धरण्याची निर्भयता त्यात आहे. तथापि, अनेक ठिकाणी देशांची नावे वार्तापत्रातील मथळ्यांसारखी येऊन जातात. याउलट, जमैकन निर्माता मायकी ड्रेड याच्याबरोबर केलेल्या डब रचना आणि न्यूयॉर्कमध्ये नुकत्याच ऐकलेल्या रॅपवरून सुचलेले ‘द मॅग्निफिसंट सेव्हन’ येथे शिकण्याची प्रक्रिया प्रत्यक्ष कानांवर पडते. सहानुभूती घोषित केलेली आणि सहानुभूती कमावलेली, यांतील अंतर एकाच संचात ऐकू येते.

श्रोतृवर्गही नेहमी सोबत आला नाही. १९८१ साली न्यूयॉर्कमधील बाँड्स येथील कार्यक्रमांत बँडने ग्रँडमास्टर फ्लॅश यांच्या रॅप गटाला निमंत्रण दिले, तेव्हा बँडच्याच चाहत्यांनी त्यांची हुर्यो उडवली. कलावंताचे ऋण त्याच्या श्रोत्यांना मान्य असतेच असे नाही, हा स्वीकारशास्त्राच्या दृष्टीने महत्त्वाचा धडा आहे.

आणखी एक मर्यादा भारतीय अभ्यासकाच्या विशेष लक्षात येण्यासारखी आहे. २३ एप्रिल १९७९ रोजी साउथॉल या पंजाबी वस्तीत नॅशनल फ्रंटच्या सभेविरुद्ध निदर्शने झाली, पोलिसांनी बळ वापरले आणि ब्लेअर पीच या शिक्षकाचा मृत्यू झाला. अटक झालेल्यांच्या बचावनिधीसाठी त्या जुलैत झालेल्या कार्यक्रमांत हा बँड सहभागी होता. असे असूनही त्यांच्या संगीतात दक्षिण आशियाई परंपरेचा लक्षणीय ठसा नाही. शेजारी म्हणून आशियाई माणूस त्यांना दिसला. त्याचा सूर मात्र त्यांनी ऐकला नाही. ती जागा भरून निघाली ती पुढच्या पिढीत, १९९३ साली लंडनमध्ये स्थापन झालेल्या ‘एशियन डब फाउंडेशन’सारख्या ब्रिटिश-आशियाई गटांमुळे.

५. एका संग्रहातील दोन टोके

‘कॉम्बॅट रॉक’ (१९८२) या संग्रहात प्रस्तुत प्रतिपादनाची दोन्ही टोके सापडतात. ‘रॉक द कॅसबा’ अमेरिकेत पहिल्या दहांत पोहोचले. संगीतबंदीची थट्टा करणाऱ्या या गीतात अरबी, यहुदी आणि भारतीय शब्द एकाच काल्पनिक पूर्वेत मिसळले आहेत. गाणारा कोण आणि कोठून बोलतो आहे, हे येथे कळत नाही. १९९१च्या आखाती युद्धात अमेरिकी सैन्याच्या नभोवाणीने हे गीत वाजवले. स्ट्रमरचा हेतू असा खचितच नव्हता. पण गीताच्या रचनेत या वापराला अडवणारे काही नव्हते. २००४ साली अल्जीरियात जन्मलेल्या रशीद ताहा यांनी ते अरबीत गायिले, तेव्हा कुठे कॅसबाला स्वतःचा आवाज मिळाला.

‘स्ट्रेट टू हेल’चे तसे नाही. उत्तर इंग्लंडमधील बंद पडत चाललेल्या पोलाद कारखान्यांच्या गावातला स्थलांतरित आणि अमेरिकी सैनिकाने व्हिएतनाममध्ये मागे ठेवलेले मूल यांना दार बंद करणारा आवाज यजमानाचा, म्हणजे गायकाच्याच समाजाचा आहे. दोष दुसऱ्यावर ढकललेला नाही. श्रीलंकन तमिळ कुटुंबातील ब्रिटिश गायिका एम.आय.ए. हिने २००७ साली ‘पेपर प्लेन्स’मध्ये याच गीताचा वाद्यसंगीताचा तुकडा घेतला, मूळ रचनाकारांना श्रेय दिले आणि त्यावर स्थलांतरिताच्या तोंडचे उपरोधिक गीत रचले. पुढे ते ‘स्लमडॉग मिलियनेअर’ (२००८) या चित्रपटात मुंबईच्या मुलांच्या रेल्वेप्रवासावर वाजले. ज्याला दार बंद केले होते, तोच त्या सुरावर बोलू लागला.

१९८२ मध्ये व्यसनामुळे हेडनला आणि १९८३ मध्ये जोन्सला दूर केल्यानंतर बँडची सर्जकता संपल्यातच जमा होती. १९८५चा अखेरचा संग्रह दुबळा ठरला आणि १९८६च्या सुरुवातीस बँड विसर्जित झाला. स्ट्रमरचे निधन २२ डिसेंबर २००२ रोजी झाले.

६. साम्य आणि प्रभाव

मराठी अभ्यासकाला येथे लघुनियतकालिकांची चळवळ आणि १९७२ साली मुंबईत स्थापन झालेली दलित पँथर आठवणे स्वाभाविक आहे. ॲलन गिन्सबर्ग हा दुवाही आहे. १९६२-६३च्या भारतभेटीत मुंबईत येऊन गेलेल्या या कवीचा आवाज ‘कॉम्बॅट रॉक’मधील ‘घेटो डिफेंडंट’ या गीतात ऐकू येतो. परंतु एका व्यक्तीची दोन्हीकडील उपस्थिती हा प्रभावाचा पुरावा नव्हे. त्याहून महत्त्वाचा आहे तो भेद. दलित पँथरने ब्लॅक पँथरकडून नाव घेतले, तेव्हा एका दडपलेल्या समूहाने दुसऱ्या दडपलेल्या समूहाशी नाते जाहीर केले. तेथे नाव घेणे हीच कबुली होती. ‘द क्लॅश’ मात्र प्रबळ समाजात जन्मून दडपलेल्यांचा सूर घेत होते. तेथे धनकोचे नाव सांगणे पुरेसे नव्हते. आपण कोठे उभे आहोत, हेही सांगणे भाग होते. उसनवारीच्या अभ्यासात या दोन दिशा एकाच ‘प्रभाव’ या शब्दाखाली मोजल्या, तर दोन्हींचा अर्थ हरवतो. ‘द क्लॅश’ची गीते, त्यांतील यशस्वी आणि फसलेली दोन्ही, हा भेद स्पष्ट करतात, आणि तौलनिक साहित्याभ्यासाच्या दृष्टीने त्यांचे महत्त्व त्यातच आहे.