‘माझ्या’ नव्हे, ‘आमच्या’

रमाबाई रानडे यांचं ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ आपण पतिनिष्ठेचं पुस्तक म्हणून वाचतो. तेवढ्यावर थांबू नये. न्यायमूर्ती १९०१ साली गेले. पुस्तक आलं १९१० साली. त्याच्या आदल्याच वर्षी पुण्यात सेवासदनाचं काम रमाबाईंच्या पुढाकारानं सुरू झालेलं होतं. पण पुस्तक न्यायमूर्तींच्या मृत्यूपाशी थांबतं. ही आम्हाला उणीव वाटते. दुःख सोसत काम कसं उभं केलं, हे त्यांच्याच तोंडून ऐकायचं राहून गेलं. तरीही ‘दुःखावर मात केली’ हे आपलं आवडतं वाक्य इथे लावू नये. नऊ वर्षांनंतरही शीर्षकात ‘माझ्या’ नाही, ‘आमच्या’ आहे. काम वाढलं म्हणून शोक संपला, असं नव्हे. दोन्ही सोबतच राहिले.