बरोबर सल्ले, चुकीची कारणे : चार्जिंगची केबल का तुटते?

केबल एका विशिष्ट कोनात धरली, किंवा तिच्याखाली एखादी वही सरकवली, की फोन चार्ज होतो. हात काढला की थांबतो. शिक्षकांच्या खोलीत हे दृश्य नेहमीचे आहे. थोड्याच दिवसांत ती केबल कचऱ्यात जाते आणि नवी येते.

या किरकोळ गोष्टीवर लेख कशाला, असे वाचकांना वाटेल. कारण असे की केबल टिकवण्याचे सल्ले मोबाइलवरच्या संदेशांतून भरपूर फिरतात आणि विद्यार्थी तेच वर्गात सांगतात. त्यांतले बरेच सल्ले बरोबर आहेत. पण त्यांना जोडलेली कारणे अनेकदा चुकीची असतात. सल्ला बरोबर असला की झाले, कारण चुकले तर काय बिघडले? बिघडते ते असे, की चुकीच्या कारणावरून पुढचा नवा सल्ला पारखता येत नाही. म्हणून आधी केबल तुटते म्हणजे नेमके काय होते ते पाहू, आणि मग या सल्ल्यांची परीक्षा करू.

तार नेमकी कुठे तुटते?

एखादी निकामी केबल चार्जर व फोनपासून पूर्ण सोडवून घ्यावी आणि तिचे बाहेरचे आवरण पात्याने उभे चिरावे. साध्या केबलमध्ये सहसा चार तारा दिसतात : तांबडी आणि काळी विद्युतपुरवठ्यासाठी, पांढरी आणि हिरवी माहितीची देवाणघेवाण करण्यासाठी. प्रत्येक तार म्हणजे केसासारख्या बारीक तांब्याच्या धाग्यांची जुडी असते. मधल्या भागात ही जुडी बहुधा धडधाकट असते. तुटलेली जागा सापडते ती टोकाशी, जिथे लवचीक केबल ताठ प्लगमध्ये शिरते तिथे.

तिथेच का? मधल्या भागात केबल मोठ्या वळणात वळते, कारण वळायला तिला जागा असते. प्लगच्या तोंडाशी मात्र एक बाजू हलतच नाही. त्यामुळे सगळे वळण दोन-चार मिलिमीटरमध्ये गोळा होते. तार वाकली की वळणाची बाहेरची कड ताणली जाते आणि आतली दाबली जाते. बाहेरच्या कडेवरील विकृती काढण्याचे सूत्र सोपे आहे : तारेची त्रिज्या भागिले वळणाची त्रिज्या. ०.३ मिलिमीटर व्यासाची एकसंध तार ३ मिलिमीटर त्रिज्येत वाकवली तर विकृती ५ टक्के होते. त्याऐवजी ०.१ मिलिमीटर व्यासाचे सुटे धागे घेतले, तर तेच वळण प्रत्येक धाग्यात सुमारे १.७ टक्केच विकृती निर्माण करते. केबलमध्ये जाड तारेऐवजी धाग्यांची जुडी का असते, याचे हे उत्तर आहे.

पण १.७ टक्केसुद्धा थोडे नव्हेत. मऊ तांबे एक दशांश टक्क्याच्या आतच आपली स्थितिस्थापकता ओलांडते. त्यापुढे वाकवलेले तांबे पूर्ववत होत नाही. आपण ते उलट वाकवून सरळ करतो इतकेच. अशा प्रत्येक वाकवण्याची नोंद धातूच्या स्फटिकांत राहते, आणि काही काळाने पृष्ठभागावर सूक्ष्म भेग पडून ती आत सरकू लागते. याला धातूचा थकवा म्हणतात. पोलादाच्या बाबतीत ठरावीक मर्यादेच्या आतले प्रतिबल कितीही वेळा दिले तरी चालते. तांब्याला अशी स्पष्ट मर्यादा नाही.

यातला अर्धा भाग आपल्या जिल्ह्यातील कारागिरांना उत्तम ठाऊक आहे. चांदीच्या दागिन्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या हुपरीत चांदीची तार बारीक करण्यासाठी ती क्रमाने लहान होत जाणाऱ्या भोकांतून ओढतात. काही वेळा ओढली की तार कडक होते. तशीच पुढे ओढली तर ती तुटते. म्हणून मधेच तापवून ती पुन्हा नरम करून घ्यावी लागते. तांबेही तसेच वागते. केबलमधले तांबे कारखान्यातून निघताना नरम केलेले असते. वापरात मात्र ते रोज वाकते आणि त्याला पुन्हा तापवून नरम करणारे कोणी नसते.

दुसरा अर्धा भाग, म्हणजे वारंवार दिलेल्या लहान भारानेही धातू तुटतो ही गोष्ट, खाणीतून पुढे आली. जर्मनीत क्लाउस्थाल येथे विल्हेल्म आल्बर्ट हा खाण अधिकारी होता. खाणीतले लोखंडी साखळदंड तुटत, म्हणून त्याने १८२९ च्या सुमारास ते वारंवार भार देऊन तपासले. याच आल्बर्टने १८३४ मध्ये साखळीऐवजी पिळाच्या तारांचा दोर वापरात आणला. एक जाड वस्तू तुटते तिथे अनेक बारीक वस्तू एकत्र टिकतात, हा त्यामागचा विचार. आपल्या केबलमधली जुडी त्याच विचाराची वारस म्हणता येईल.

आता सल्ल्यांची परीक्षा

‘केबल ओढून काढू नका, प्लग धरून काढा.’ सल्ला बरोबर आणि कारणही बरोबर. ओढताना केबल सहसा तिरपी असते. त्यामुळे सर्वांत दुबळ्या जागी ताण आणि वाकणे एकदमच येते.

‘चार्जिंग चालू असताना फोन वापरू नका, स्फोट होतो.’ केबलपुरते बोलायचे तर सल्ला उत्तम, कारण चुकीचे. झोपून फोन पाहताना प्लग छातीवर किंवा गादीवर टेकतो आणि केबल काटकोनात मुडपते. हात हलेल तसे तेच वळण पुन्हा पुन्हा होते. केबलच्या मरणाचे हे सर्वांत मोठे कारण असावे. स्फोटाची भीती घातलेला विद्यार्थी स्फोट होत नाही असे पाहिल्यावर सल्लाच सोडून देतो. खरे कारण कळलेला विद्यार्थी निदान केबल मुडपणार नाही अशी तरी धरतो.

‘रात्रभर लावून ठेवू नका, केबल जळते.’ बॅटरी भरत आली की फोन घेत असलेली विद्युतधारा कमी होत जाते. धडधाकट केबलला नुसत्या वेळेने इजा होत नाही. बॅटरीच्या आयुष्याचा प्रश्न वेगळा आहे, त्याची येथे गल्लत करू नये.

‘कापडी विणीची केबल घ्या.’ वीण घासण्यापासून वाचवते, वाकण्यापासून वाचवतेच असे नाही. टोकाशी वळण पसरवण्याची सोय नसेल तर आतले तांबे तसेच थकते, फक्त विणीमुळे ते दिसत नाही.

‘टोकाला पेनाची स्प्रिंग गुंडाळा’, ‘चिकटपट्टी लावा.’ हे उपाय विचार करण्याजोगे आहेत. दोन्हींमुळे टोक ताठ होते, म्हणून थोडे दिवस फरक जाणवतो. पण ताठ भाग जिथे संपतो तिथे नवा सांधा तयार होतो आणि मोडण्याची जागा फक्त दोन सेंटिमीटर पुढे सरकते. हवा आहे तो ताठपणा नव्हे, तर ताठपणाची क्रमाक्रमाने होणारी घट. तापवल्यावर आकसणारी नळी दुकानात मिळते. तिचा एक लांब तुकडा आणि प्लगजवळ त्यावर दुसरा आखूड तुकडा बसवला तर अशी उतरंड थोडीफार साधते. अर्थात हे केबल नवी असताना करायचे. तुटलेले धागे नळीने जुळत नाहीत.

‘चार्जरभोवती आवळून गुंडाळू नका.’ अगदी खरे, आणि याचा हिशेब वर्गात करून घेण्याजोगा आहे. ५ सेंटिमीटर त्रिज्येच्या सैल वेटोळ्यात ०.१ मिलिमीटरच्या धाग्यातील विकृती ०.१ टक्काच असते. ३ मिलिमीटरच्या वळणापेक्षा जवळजवळ सतरापट कमी. धातूच्या थकव्याचा ढोबळ नियम असा, की विकृती निम्मी झाली तर आयुष्य साधारण तीन-चार पट होते. सतरापट कमी विकृतीचे आयुष्य त्या हिशेबाने शेकडो पटींच्या घरात जाते. सैल गुंडाळण्याला काही खर्च नाही.

‘चार्जिंग हळू होऊ लागले म्हणजे केबल झिजली.’ इथे गणित डोळे उघडते. प्रत्येक तारेचा काटछेद ०.०८ चौरस मिलिमीटर असलेली १ मीटर केबल घेऊ. जाण्या-येण्याची मिळून तार २ मीटर. रोध म्हणजे रोधकता गुणिले लांबी भागिले काटछेद. तांब्यासाठी तो सुमारे ०.४२ ओहम येतो. २ अँपिअर धारेला ०.८५ व्होल्ट वाटेतच खर्च होतात आणि ५ व्होल्टपैकी फोनला जेमतेम ४.१५ मिळतात. काटछेद ०.२ चौरस मिलिमीटर असेल तर नुकसान ०.३४ व्होल्टच. म्हणजे नवी केबलही आतले तांबे कमी असल्याने मंद असू शकते, आणि बाहेरून जाड दिसणे हा तांब्याचा पुरावा नव्हे. ती जाडी प्लॅस्टिकचीही असते. उलट टोकाशी ३ मिलिमीटरमध्ये निम्मे धागे तुटले, तरी रोध वाढतो तो एक हजारांश ओहमहूनही कमी. म्हणून केबल पूर्वसूचना देत नाही. शेवटचे धागे तुटेपर्यंत सारे सुरळीत वाटते आणि मग एके दिवशी वही सरकवावी लागते.

त्या दिवशी मात्र केबल खरोखर बाद करावी. तुटलेली टोके एकमेकांना जेमतेम टेकत असतात. त्या सांध्याचा रोध अर्धा ओहम धरला तर २ अँपिअर धारेला २ वॅट उष्णता तांदळाच्या दाण्याएवढ्या जागेत निघते. आवरण वितळते ते यामुळे.

दोष केवळ वापरणाऱ्याचा नाही

या सर्व सल्ल्यांत एक गोष्ट समान आहे : जबाबदारी वापरणाऱ्याची. वस्तू घडवणाऱ्याला कोणी प्रश्न विचारत नाही. यूएसबी-सी प्रकारात झिजणाऱ्या स्प्रिंगा फोनच्या खाचेत न ठेवता केबलच्या प्लगमध्ये ठेवल्या आहेत. महाग फोनऐवजी स्वस्त केबलने झिजावे, हा निर्णय शहाणपणाचा आहे. १०,००० वेळा घालणे-काढणे सोसावे अशी अपेक्षा त्या प्लगकडून असते. मग त्याच्याच मागची तार काही महिन्यांत मोडावी, हे विसंगत नाही काय? प्लगमागची लवचीक शेपटी लांब, निमुळती व खाचांची ठेवली तर वळण पसरते. हे तंत्र नवे नाही. विजेच्या इस्त्रीची वायर जिथे आत शिरते तिथली रबरी नळी हेच काम करते. आखूड, गुळगुळीत टोक दिसायला नेटके असते, एवढाच त्याचा गुण.

इस्त्रीची वायरही टोकाशीच मोडत असे. पण स्क्रू सोडवून चार बोटे वायर कापायची आणि पुन्हा जोडायची; इस्त्री आणखी काही वर्षे चाले. कोल्हापुरी चपलेचा अंगठा तुटला म्हणून चप्पल कोणी फेकत नाही. तेवढाच अंगठा शिवून घेतात. केबलचा प्लग मात्र ओतून बंद केलेला असतो. २ सेंटिमीटर तांबे थकले म्हणून मीटरभर धडधाकट तांबे टाकून द्यावे लागते. आजच्या बारीक संपर्कांच्या प्लगला इस्त्रीसारखे स्क्रू बसवता येणार नाहीत, हे मान्य करायला हवे. तरी टोक लांब व निमुळते ठेवणे आणि तांब्याचा काटछेद वेष्टनावर छापणे यांत अवघड काय आहे? युरोपीय संघाने २८ डिसेंबर २०२४ पासून नव्या फोनना एकच यूएसबी-सी खाच सक्तीची केली. खाच एक झाली, चांगले झाले. केबलच्या टिकाऊपणाचा प्रश्न मात्र तसाच उरला.

थोडी टीका आपल्या स्वतःवरही करावी लागेल. २०१८ साली आलेल्या दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात ‘विद्युतधारेचे परिणाम’ आणि ‘धातुविज्ञान’ असे दोन धडे आहेत. धातूची तार काढता येते, पत्रा ठोकता येतो, तो वीज वाहतो, हे मुलांना तोंडपाठ असते. धातू थकतो, हे त्यांच्या कानावर येत नाही. आणि रोज हातात मोडणाऱ्या वस्तूचे कारण नेमके तिथे आहे.

हे वर्गात दाखवायला एक तास पुरे. विजेच्या दुकानातून एक चौरस मिलिमीटरच्या दोन तारांचे तुकडे आणावेत, एक एकसंध आणि एक अनेक धाग्यांची, आणि आवरण काढून घ्यावे. दोन्ही आधी पेन्सिलीभोवती व मग झाडूच्या दांड्याभोवती पुढे-मागे वाकवाव्यात. किती वेळांनी मोडतात ते मुलांनीच मोजून लिहावे. शाळेतल्या निकामी केबल गोळा करून, सेल व बल्ब जोडून, प्रत्येकीची मोडलेली जागा टोकापासून किती अंतरावर आहे हेही नोंदवावे. चार्जर मात्र कोणत्याही परिस्थितीत उघडू नये. एवढे केल्यावर मोबाइलवर पुढचा सल्ला आला, की मुले एकच प्रश्न विचारतील : यामुळे वळण पसरते, की फक्त पुढे सरकते?