मालिका, तबकडी आणि प्रेक्षक
दूरचित्रवाणी मालिकांच्या व्हीसीडी-डीव्हीडी आवृत्त्यांचा तौलनिक विचार : पिंपरी-चिंचवड व चाकण औद्योगिक पट्ट्याच्या संदर्भात

१. प्रास्ताविक

ग्रंथाच्या आवृत्तीचा विचार मराठी अभ्यासपरंपरेला नवा नाही. शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये हाती घेतलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९६६ मध्ये पूर्ण झाली. या परंपरेने शिकवलेली गोष्ट अशी की, कलाकृती टिकते ती केवळ निर्मितीमुळे नव्हे, तर तिची प्रत कोणी, कोणत्या काळजीने तयार केली यामुळे. दूरचित्रवाणी मालिकेच्या बाबतीत हा विचार आपल्याकडे क्वचितच झाला. मालिका ही प्रक्षेपणाबरोबर संपणारी करमणूक मानली गेली आणि तिच्या व्हिडिओ कॅसेट, व्हीसीडी वा डीव्हीडी आवृत्तीकडे 'विक्रीचा माल' म्हणून पाहिले गेले. वास्तविक अशी आवृत्ती हे संपादनाचेच कार्य आहे आणि त्याचे मूल्यमापन संपादनाच्या निकषांवर व्हायला हवे, अशी प्रस्तुत लेखाची भूमिका आहे. या निकषांवर परदेशी, हिंदी आणि मराठी प्रकाशनांची तुलना येथे केली आहे.

२. प्रक्षेपणाची वेळ आणि पाळीची वेळ

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्यापूर्वीच पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिकीकरणाचा पाया घातला गेला होता. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. पुढे टेल्को आणि बजाज ऑटो यांच्याभोवती कामगारवस्ती वाढत गेली. १९८२ मध्ये महानगरपालिका अस्तित्वात आली आणि नव्या शतकात वाहन उद्योगाचे केंद्र चाकणकडे विस्तारले. मराठवाडा, विदर्भ, खानदेश, पश्चिम महाराष्ट्र तसेच उत्तरेकडील राज्यांतून आलेली कुटुंबे येथे स्थायिक झाली. मराठी मालिकेचा प्रेक्षक आणि पाळीतील कामगार हे या पट्ट्यात बहुधा एकाच घरात राहतात.

मालिकांची मुख्य वेळ सायंकाळी सात ते दहा अशी असते. दुसऱ्या पाळीतील कामगार त्या वेळी यंत्रासमोर उभा असतो. तीन पाळ्यांत चालणाऱ्या कारखान्यात पाळी आठवड्याने बदलत असेल, तर वर्षातील बावन्न आठवड्यांपैकी सुमारे सतरा आठवडे तो दुसऱ्या पाळीत असतो. म्हणजे साप्ताहिक मालिकेचे वर्षाला सतरा भाग त्याच्या हातून निसटतात. दुपारच्या पुनःप्रक्षेपणाने ही उणीव काही अंशी भरून निघते. परंतु पुनःप्रक्षेपणही वाहिनीच्याच घड्याळावर चालते. वेळेची ही सक्ती मोडण्याचे सामर्थ्य प्रथम व्हिडिओ कॅसेटमध्ये आणि नंतर तबकडीत होते. म्हणूनच मालिकांच्या आवृत्त्या चांगल्या निघाल्या की नाही, हा प्रश्न केवळ हौशी संग्राहकांचा उरत नाही. श्रमाच्या वेळापत्रकाने ज्यांना प्रेक्षकपणापासून दूर ठेवले त्यांचाही तो आहे.

३. मूल्यमापनाचे निकष

ग्रंथसंपादनाच्या आधारे पाच निकष मांडता येतात. पहिला, पूर्णता : सर्व भाग, मूळ क्रमाने आणि मूळ लांबीत आहेत काय? दुसरा, पाठनिष्ठा : शीर्षकगीत, पार्श्वसंगीत आणि चित्रचौकट मूळची आहे काय? तिसरा, प्रतीची गुणवत्ता : आवृत्ती मूळ टेपवरून सिद्ध केली की प्रक्षेपणाच्या नकलेवरून? चौथा, साहाय्यक सामग्री : भागांची सूची, दिनांक, श्रेयनामावली, उपशीर्षके यांची सोय आहे काय? पाचवा, उपलब्धता : किंमत परवडणारी आहे काय आणि संच बाजारात टिकला काय?

यांतील तिसऱ्या निकषाची तांत्रिक बाजू लक्षात घेणे आवश्यक आहे. भारतात प्रचलित पाल पद्धतीच्या व्हीसीडीवर चित्राची घनता ३५२ × २८८ बिंदू इतकी असते. डीव्हीडीवर ती ७२० × ५७६ असते. व्हीसीडीत सुमारे ७४ मिनिटांचा मजकूर मावतो. एकपदरी डीव्हीडीची क्षमता ४.७ गिगाबाइट असून समाधानकारक दर्जा राखायचा तर तीवर साधारण दोन तासांचा मजकूर ठेवणे इष्ट ठरते. त्याहून अधिक भाग कोंबले की चित्र फुटू लागते. स्वस्त आवृत्तीची खरी किंमत अनेकदा येथे मोजली जाते.

४. परदेशी स्टुडिओ : एकाच नावाचे दोन चेहरे

अमेरिकेत मालिकेचा संपूर्ण हंगाम एका संचात देण्याची प्रथा २००० नंतर रुजली. फॉक्स कंपनीने त्या वर्षी 'द एक्स-फाइल्स'च्या पहिल्या हंगामाचा संच काढला आणि सुटे निवडक भाग विकण्याची जुनी रीत मागे पडू लागली. पूर्णतेच्या निकषावर हा मोठा पल्ला होता. मात्र याच कंपनीने २००७ मध्ये 'डब्ल्यूकेआरपी इन सिनसिनाटी'चा पहिला हंगाम प्रसिद्ध केला, तेव्हा परवान्याच्या खर्चामुळे मूळ गाण्यांपैकी बरीचशी काढून त्यांच्या जागी दुसरे संगीत घातले. मालिका एका रेडिओ केंद्रावरची. गाणी हाच तिचा प्राण. पुढे २०१४ मध्ये शाउट फॅक्टरी या तुलनेने लहान प्रकाशनसंस्थेने बहुतांश मूळ गाणी परत मिळवून संपूर्ण मालिका प्रसिद्ध केली. मोठ्या स्टुडिओने पाठ बिघडवला आणि लहान प्रकाशकाने तो दुरुस्त केला. यावरून स्टुडिओच्या नावावर गुणवत्तेचा शिक्का मारणे चुकीचे ठरते. न्याय प्रत्येक आवृत्तीचा स्वतंत्रपणे करावा लागतो.

बीबीसीचे उदाहरण वेगळ्या अर्थाने बोलके आहे. 'डॉक्टर हू' या मालिकेचे १९६० च्या दशकातील अनेक भाग टेप पुसल्यामुळे नष्ट झाले. परंतु प्रेक्षकांनी घरी ध्वनिमुद्रित करून ठेवलेला आवाज शिल्लक होता. २००६ मध्ये 'द इन्व्हेजन' या कथेच्या आवृत्तीत हरवलेले दोन भाग त्या आवाजावर सजीवचित्रे रचून पूर्ण करण्यात आले. खंडित पाठ कोठे खंडित आहे हे न लपवता तो वाचनीय करणे, हे संपादकाचे काम येथे नेमके साधले आहे. वॉर्नरने २००९ मध्ये मागणीनुसार तबकडी तयार करून देणारी योजना सुरू केली. मर्यादित ग्राहक असलेल्या कृतीही त्यामुळे बाजारात राहू शकल्या. मराठीच्या दृष्टीने हा धडा सर्वांत उपयुक्त होता.

५. हिंदी मालिका : महाकाव्याचा बाजार

भारतात मालिकांच्या आवृत्तीला खरी मागणी मिळाली ती पौराणिक मालिकांमुळे. रामानंद सागर यांची 'रामायण' (१९८७-८८) ७८ भागांची, तर बी. आर. चोप्रा यांची 'महाभारत' (१९८८-९०) ९४ भागांची होती. दोन्ही मालिका प्रथम कॅसेट आणि नंतर तबकडीच्या रूपात घरोघरी पोहोचल्या. यामागे श्रद्धा होतीच, शिवाय मालिकेचा आकारही कारणीभूत होता. निश्चित आरंभ, निश्चित शेवट आणि मोजके भाग. एका डीव्हीडीवर तीन भाग धरले तरी 'रामायण' सव्वीस तबकड्यांत बसते. श्याम बेनेगल यांची ५३ भागांची 'भारत एक खोज' आणि शंकर नाग यांची 'मालगुडी डेज' याच कारणाने संचरूपात येऊ शकल्या.

किमतीच्या बाबतीत मोझर बेअर या कंपनीने २००७ मध्ये बाजार हलवला. व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना मिळू लागली. अधिकृत प्रत प्रथमच चोरट्या प्रतीच्या किमतीला भिडली आणि कामगारवस्तीतील ग्राहकही अधिकृत ग्राहक होऊ शकला. उपलब्धतेच्या निकषावर हे योगदान निर्विवाद आहे. परंतु चौथ्या निकषावर या बाजाराचे यश तोकडे पडते. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२-अ नुसार वेष्टनावर निर्माता व हक्कधारक यांचा उल्लेख बंधनकारक आहे. भागाचा प्रथम प्रक्षेपण-दिनांक वा मूळ प्रतीचा स्रोत सांगण्याची सक्ती कोणत्याही कायद्याने केलेली नाही. पुढे २०१८ मध्ये मोझर बेअर कंपनी अवसायनात गेली. स्वस्ताईवर उभा राहिलेला बाजार तबकडीबरोबरच ओसरला.

६. मराठी मालिका : समृद्ध निर्मिती, दुबळे प्रकाशन

मराठीत निर्मितीची उणीव नव्हती. मुंबई दूरदर्शनची 'चिमणराव', राजदत्त यांची 'गोट्या', अल्फा मराठीवरील 'प्रपंच', 'आभाळमाया', 'वादळवाट' ही नावे आजही सहज आठवतात. तबकडीच्या ऐन भराच्या काळात मात्र मराठी प्रकाशकांचा भर चित्रपट, नाटक, एकपात्री प्रयोग आणि गाण्यांचे कार्यक्रम यांवर राहिला. याचे कारण गणितात सापडते. अडीच तासांचे नाटक दोन-तीन व्हीसीडींत मावते. याउलट २००१ ते २०१३ या काळात ई टीव्ही मराठीवर चाललेल्या 'चार दिवस सासूचे'चे भाग तीन हजारांहून अधिक. बावीस मिनिटांचा एक भाग धरून एका व्हीसीडीत तीन भाग घातले, तर एक हजार व्हीसीडी लागतील. डीव्हीडीत पाच भाग घातले तरी सहाशे. अशी मालिका कोणता प्रकाशक काढणार आणि भोसरीच्या दोन खोल्यांच्या घरात ती कोठे ठेवणार? दैनंदिन मालिकेची रचनाच आवृत्तीला प्रतिकूल आहे.

तथापि हे समर्थन सर्व मालिकांना लागू पडत नाही. दिलीप प्रभावळकरांच्या 'अनुदिनी'वर आधारित आणि केदार शिंदे दिग्दर्शित 'श्रीयुत गंगाधर टिपरे' (२००१-०५) ही साप्ताहिक मालिका होती. वर्षाला पन्नासच्या आसपास भाग धरले, तर दहा डीव्हीडींत एक वर्ष बसते. सूची, दिनांक, प्रस्तावना यांसह वर्षवार संच काढणे तांत्रिक वा आर्थिक दृष्टीने अशक्य नव्हते. 'प्रपंच'बद्दलही हेच म्हणता येईल. प्रभावळकरांच्या बाबतीत हा विरोधाभास विशेष जाणवतो : चि. वि. जोशींच्या कथा आणि 'अनुदिनी' ग्रंथालयाच्या कपाटात पिढ्यानपिढ्या मिळतात. त्यांवर उभे राहिलेले चिमणराव आणि आबा टिपरे यांच्यासाठी त्याच कपाटात जागा झाली नाही. छापील पाठाला आवृत्ती लाभली, अभिनयाला लाभली नाही.

७. ओटीटी : उपलब्धता आहे, आवृत्ती नाही

ओटीटी मंचांमुळे हा प्रश्न सुटला, असा युक्तिवाद केला जातो. त्यात तथ्य आहे. दुसऱ्या पाळीहून परतलेला चाकणचा कामगार आज रात्री बारा वाजता मोबाइलवर मालिका पाहू शकतो. प्रसार भारतीने नोव्हेंबर २०२४ मध्ये 'वेव्हज' हा मंच सुरू करून दूरदर्शनचा जुना ठेवा खुला करण्याचे पाऊल उचलले. वेळेची सक्ती संपली, ही सांस्कृतिक लोकशाहीची पायरी म्हणावी लागेल.

परंतु पाठनिष्ठेचा प्रश्न शिल्लकच राहतो. २०१९ मध्ये डिस्ने प्लसवर 'द सिम्पसन्स'चे जुने भाग रुंद पडद्यासाठी वरून-खालून कापले गेले आणि चित्रातील काही विनोदच नाहीसे झाले. प्रेक्षकांच्या तक्रारींनंतर २०२० मध्ये मूळ चौकटीचा पर्याय देण्यात आला. चौकोनी पडद्यासाठी चित्रित झालेल्या मराठी मालिकांनाही हाच धोका आहे. शीर्षकगीत वगळण्याच्या सोयीचेही असेच. 'आभाळमाया'चे मंगेश कुळकर्णी यांनी लिहिलेले, अशोक पत्की यांनी स्वरबद्ध केलेले आणि देवकी पंडित यांनी गायलेले शीर्षकगीत हा मालिकेच्या पाठाचाच भाग आहे. शिवाय मंचावरील मालिका ग्राहकाच्या मालकीची नसते. करार संपला की ती निघून जाते आणि ग्रंथालयाच्या हाती काहीच उरत नाही.

८. निष्कर्ष

तुलनेतून तीन गोष्टी स्पष्ट होतात. एक, आवृत्तीचा दर्जा स्टुडिओच्या आकारावर नव्हे, तर त्याच्या संपादकीय दृष्टीवर अवलंबून असतो. दोन, हिंदीने आवृत्ती स्वस्त केली, परंतु साक्षेपी केली नाही. मराठीने दैनंदिन मालिकेचे कारण पुढे करून साप्ताहिक मालिकांकडेही पाठ फिरवली. तीन, उपलब्धता आणि जतन या भिन्न गोष्टी आहेत.

१९५४ च्या कायद्यान्वये प्रकाशित ग्रंथाच्या प्रती ठरावीक ग्रंथालयांकडे पाठवणे प्रकाशकावर बंधनकारक आहे. दूरचित्रवाणीच्या कार्यक्रमांना हा कायदा लागू नाही. फ्रान्सने १९९२ च्या कायद्याने नभोवाणी व दूरचित्रवाणीच्या कार्यक्रमांचाही अशा जमा प्रतींत समावेश केला. महाराष्ट्रात अशी तरतूद होईपर्यंत महाविद्यालयीन ग्रंथालयांना एक काम निश्चित करता येईल : परिसरातील घरांत धूळ खात पडलेल्या कॅसेट व व्हीसीडींची नोंद घेणे आणि कोणत्या मालिकेचे कोणते भाग कोणत्या रूपात उपलब्ध आहेत याची सूची तयार करणे. घरी जपलेल्या ध्वनिमुद्रणांनी बीबीसीच्या हरवलेल्या भागांना आवाज दिला. घरगुती मुद्रणांचे मोल यावरून ध्यानात यावे. पिंपरी-चिंचवडच्या कामगार कुटुंबांची दोन पिढ्यांची करमणूक, भाषा आणि घराची कल्पना या मालिकांत नोंदलेली आहे. सूची ही संपादनाची पहिली पायरी असते आणि चुंबकीय फितीचे आयुष्य मर्यादित असल्याने ती चढण्यास फार अवधी उरलेला नाही.