भावी ग्रंथालय आणि गहाळ पुस्तके

आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यातील एका माध्यमिक शाळेने आपल्या ग्रंथालयाचा पुढील दहा वर्षांचा आराखडा तयार केला आणि ‘अभिप्रायार्थ’ माझ्याकडे धाडला. मी जुन्नर भागातील एका महाविद्यालयात मराठी शिकवतो. आराखडा हा काही वाङ्मयप्रकार नव्हे. तरीही तो वाचताना मला एखादी कादंबरी वाचल्यासारखे झाले. कारण तिच्यासारखाच त्यातही एक नायक गृहीत धरलेला आहे. तो वाचणारा मुलगा आहे. त्याच्या घरी टेबल आहे, दिवा आहे, पुस्तकाला घालायला कव्हर आहे. शाळा सुटल्यावर तासभर वाचत बसायला त्याला सवड आहे.

हा मुलगा त्या शाळेच्या पटावर नाही. तेथील मुले बहुतांशी महादेव कोळी, काही ठाकर-कातकरी, काही आमची बौद्ध. हिरड्याच्या दिवसांत ती आईबापांबरोबर रानात असतात. मोठी माणसे मजुरीसाठी नारायणगाव-मंचरच्या बागायतीत उतरली की धाकटी भावंडे त्यांच्या गळ्यात पडतात. आराखड्याने वाचनाचा तास ठेवला आहे शाळा सुटल्यावर. आणि तेवढ्यात वाडीकडची शेवटची एस. टी. निघून जाते. 1946 साली बाबासाहेबांचे सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले तेव्हा नोकरी करून शिकणाऱ्यांसाठी सकाळचे वर्ग ठेवले गेले. शिकणाऱ्याच्या पोटाचे वेळापत्रक आधी पाहिले गेले आणि मग संस्थेची घंटा ठरली. आमच्या आराखडाकारांनी फर्निचरची मापे आधी घेतली.

मला येथे माझीच शाळा आठवते. तिचे नाव सांगण्याचे कारण नाही. मुख्याध्यापकांच्या खोलीत काचेचे कपाट होते. आम्ही मधल्या सुटीत काचेतून पुस्तकांची नावे वाचत असू. दहावी होईपर्यंत ती मला क्रमाने पाठ झाली होती, पण त्यातले एकही पुस्तक मी हातात धरले नव्हते. एकदा मागितले, तर गुरुजी म्हणाले, ‘हरवलं तर भरून कोण देणार? तुझा बाप?’ फार दिवस मी त्या वाक्यात फक्त जात ऐकली. ती त्यात होतीच. पण आज मला त्यात त्यांची भीतीही ऐकू येते. वार्षिक पडताळणीत पुस्तक कमी भरले तर वसुली त्यांच्या पगारातून होईल, ही ती भीती. ज्याच्यावर पुस्तकांची जबाबदारी टाकली जाते, त्याला पुस्तके न देण्यातच सुरक्षितता वाटावी, अशी ही व्यवस्था आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या, म्हणजे 2009 च्या, परिशिष्टाने प्रत्येक शाळेत ग्रंथालय आणि त्यात वर्तमानपत्रे, मासिके, गोष्टींची पुस्तके असावीत असे सांगितले. किल्ली कोणाकडे असावी, याविषयी ते गप्प आहे. पुस्तके वापरासाठी असतात, हा रंगनाथनांचा पहिला नियम 1931 चा. आमच्या कपाटांपर्यंत तो अजून चालत यायचा आहे.

आता ग्रंथयादीकडे वळतो. ग्रंथयादी हीही समीक्षाच असते. काय वगळले यावरून समीक्षकाची जात कळते. यादीत ‘संस्कारक्षम’ असा एक मोठा विभाग आहे, स्पर्धापरीक्षांचा त्याहून मोठा. ‘बलुतं’ नाही. चौकशी केली, तर ‘मुलांच्या वयाला झेपणार नाही’ असे उत्तर आले. पाचवीच्या मुलाला ते देऊ नये, हे मलाही मान्य आहे. परंतु दया पवार शेजारच्या अकोले तालुक्यातल्या धामणगावचे. नववी-दहावीच्या मुलाला डोंगरापलीकडच्या माणसाचे जगणे झेपत नाही आणि स्वतःचे मात्र रोज झेपते, हे कसे?

याच मातीतल्या निमगिरीच्या डॉ. गोविंद गारे यांनी महादेव कोळ्यांवर लिहिले. ते यादीत नाहीत. नारायणगावचा भाऊ-बापू मांग यांचा फड आणि विठाबाई नाहीत. तालुक्याला ज्याचे नाव आहे ते आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले. त्या गावाविषयी एक कागदही नाही. जुन्नरच्या लेण्यांतील एका शिलालेखात बांबूकाम करणाऱ्यांच्या श्रेणीचा उल्लेख आहे. दोन हजार वर्षांपूर्वी आमच्या बुरुडांचा धंदा दगडावर नोंदला गेला. शाळेच्या दाखल नोंदवहीत त्याला जागा मिळालेली नाही. म्हाताऱ्यांकडून ऐकून मुलांनीच वह्या लिहाव्यात, त्या बांधून दाखल क्रमांक देऊन कपाटात ठेवाव्यात, असे मी सुचविले आहे. वही हे ‘पुस्तक’ होते का, अशी शंका लगेच आली.

आपणही हात झटकू नयेत. आमच्या वस्त्यांतल्या वाचनालयांत एकाच चरित्राच्या वीस-वीस प्रती मी पाहिल्या आहेत. जयंतीला हार घातलेल्या, पाने न फाडलेल्या. जे ग्रंथ वाचून तो माणूस घडला, त्यांतला एकही शेजारी नसतो.

अभिप्रायात मी एकच कलम आग्रहाने घातले: पुस्तके घरी जातील, आणि दरवर्षी शंभरातली दहा गहाळ होतील असे धरून चालावे, त्यांची वसुली मुलाकडून नाही आणि शिक्षकाकडूनही नाही. समितीच्या बैठकीत बराच वेळ कोणी बोलले नाही. मग लेखनिकाने विचारले, ‘सर, न हरवलेल्या पुस्तकांचं निर्लेखन आधीच कसं मंजूर करायचं?’ त्यांचा प्रश्न रास्त होता. कलम पुढच्या बैठकीवर गेले आहे.