संकासुराची जीभ

मालवण तालुक्यातल्या तोंडवली-तळाशीलच्या एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला गड नदीची खाडी आणि मधे माडांखालची वाळूची पट्टी. किनारा खचतो आहे. तोंडवली-वायंगणीच्या सी-वर्ल्ड या पर्यटन प्रकल्पाविरुद्ध इथल्या लोकांनी आवाज उठवला. पर्ससीन जाळ्यांचे यांत्रिक बोटीवाले आणि किनाऱ्यावरून रापण ओढणारे पारंपरिक मच्छीमार यांचं भांडण तर साऱ्या मालवण किनाऱ्याचं. इथल्या तरुणाला बोलायला विषय भरपूर आहेत. ते तो कुठल्या कलेतून बोलतो, हे पाहायला निघालो की आधी आठवतं जत्रेतलं लोकनाट्य, दशावतार.

दशावताराचा सामाजिक आशय शोधणारे तो आख्यानात शोधतात, तिथेच चुकतात. आख्यान पुराणातलं. गावाला जागा मिळते ती त्याआधी, आडदशावतार या पूर्वरंगात. गणपती, रिद्धी-सिद्धी, सरस्वती, भटजी येऊन गेले की वेद पळवणारा संकासुर येतो. काळा वेश, बाहेर लोंबणारी लाल जीभ. देव ग्रांथिक मराठीत बोलतात, हा मालवणीत. लिहिलेली संहिता नसतेच. कुणाची फिरकी घ्यायची ते समोरचे चेहरे बघून ठरतं. रस्ता, पाणी, सरपंच, काहीही त्याच्या तोंडी येऊ शकतं. आणि शेवटी विष्णू त्याला मारणारच असतो, मग बोलल्याचा राग धरायचा कुणी? ही मुभा मला कुठल्याही पथनाट्यापेक्षा मोलाची वाटते.

नेमकी तीच आखडत चालली आहे. जाहिरातीवर आता अनेक मंडळांतल्या कलाकारांचा 'संयुक्त दशावतार' आणि 'ट्रिकसीनयुक्त नाट्यप्रयोग' असतो. धूर, दिवे, उडते देव. पोरं गर्दी करतात, मोबाइल वर धरतात. त्यांना मी दोष देत नाही. पण वेळ कमी पडला की कात्री आडदशावतारावर चालते, आणि गावाचं बोलणं त्याबरोबर जातं.

कुडाळजवळच्या पिंगुळीची गोष्ट वेगळी. ठाकर समाजाच्या कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या बाहुल्या, चित्रं दाखवत गोष्ट सांगणारी चित्रकथी विस्मरणात जात असताना परशुराम गंगावणे यांनी गुरांच्या गोठ्याचं संग्रहालय केलं; 2021 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ही जिद्द निर्विवाद. माझी तक्रार अशा कलांकडून 'जनजागृती' मागणाऱ्यांबद्दल आहे. संदेश वरून ठरून येतो, बाहुली तो म्हणून दाखवते, आणि सूचनाफलकाला दोऱ्या लावल्यासारखं दिसतं. प्रचारासाठी केली म्हणून कला पडतेच असं मात्र नाही. राष्ट्र सेवा दलाचं कलापथक प्रचारासाठीच फिरलं, पण तिथे कवी वसंत बापट होते, पु. ल. देशपांड्यांनी त्याच्यासाठी 'पुढारी पाहिजे' हे लोकनाट्य लिहिलं. लिहिणाऱ्यांची स्वतःची खोडी त्यात होती.

2025 मध्ये सुबोध खानोलकरांच्या 'दशावतार' चित्रपटानं खाणीचा प्रश्न आणि जुना दशावतारी एकत्र आणला, दिलीप प्रभावळकरांनी तो उभा केला. मोठं काम. तरी गावातला मुलगा तिथे तिकीट काढून बसलेला प्रेक्षकच. त्याला स्वतः बोलायचं तर जागा लागते देवळासमोरचीच, पायपेटी आणि मृदंगाशेजारची.

आणि मुलीला? परंपरेत स्त्रीपार्टसुद्धा पुरुषानंच करायचा. अलीकडे महिलांची दशावतारी मंडळं उभी राहू लागली आहेत. त्यांच्यात राणी कोण होते यापेक्षा संकासुर कोण होते, हे मी आधी पाहतो.