‘सगळ्या कंपन्या चोरच’ : एवढ्यावर पेपर होत नाही

टेक कंपन्यांचा विषय निघाला की कोणीतरी हे वाक्य टाकतंच : “सगळे चोर आहेत रे, आपला डेटा विकूनच खातात.” सगळे माना डोलावतात आणि विषय तिथेच संपतो.

हे वाक्य खोटं आहे असं मी म्हणणार नाही. पुष्कळदा ते खरं निघतं. माझी तक्रार वेगळी आहे. या वाक्याने विषय संपतो, आणि संशोधनाची तयारी करणाऱ्याचा विषय खरं तर इथे सुरू व्हायला हवा. कोणती कंपनी? कोणता डेटा? कुठून कुठे जातो? आणि तसं होत नसेल तर ते आपल्याला कळणार कसं? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याकडे नसेल, तर तुमच्याकडे अजून फक्त मत आहे.

दोन उदाहरणं घेऊ. दोन्ही संशयांवरचं काम 2018 मध्ये गाजलं, आणि दोन्हीत बोस्टनच्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठाचे संशोधक होते. एक संशय खरा ठरला. दुसऱ्याचं काय झालं, ते पुढे येईलच.

पहिला संशय : सुरक्षेसाठी घेतलेला नंबर जाहिरातीला

“खातं सुरक्षित ठेवायचंय? मोबाइल नंबर द्या.” टू-फॅक्टरसाठी फेसबुक नंबर मागायचं, तेव्हा शंकेखोर म्हणायचे, सुरक्षा हे निमित्त आहे, नंबर हवाय जाहिरातींसाठी. पण हे सिद्ध कसं करणार? फेसबुकच्या सर्व्हरमध्ये डोकावता येत नाही, आणि कंपनीला विचारलं तर जनसंपर्क विभागाचं गुळगुळीत उत्तर मिळतं.

नॉर्थईस्टर्न आणि प्रिन्स्टनच्या गटाने मागचा दरवाजा न शोधता पुढच्याच दरवाजाने आत जायचं ठरवलं. ते जाहिरातदार झाले. जाहिरातदाराला फोन नंबरांची यादी फेसबुकला देता येते. त्यातले जे नंबर कुठल्या तरी खात्याशी जुळतात, त्या लोकांना जाहिरात दाखवता येते. “अंदाजे इतके लोक मिळतील” असा आकडाही तेव्हा दिसायचा, पण गोळाबेरीज करून, म्हणजे एकेका माणसाचा पत्ता लागू नये म्हणून. गंमत इथे आहे. समजा आकडा शंभराच्या टप्प्याने बदलतो. तुम्ही यादी अशी जुळवली, की आणखी एक माणूस वाढला तर दाखवलेला आकडा पुढच्या टप्प्यावर उडी मारेल. आता तपासायचा नंबर त्या यादीत टाका. आकडा हलला, तर नंबर जाहिरातीला उपलब्ध आहे. नाही हलला, तर नाही.

मग नंबर देण्याचा एकेक मार्ग त्यांनी वेगवेगळा तपासला : प्रोफाइलवर लिहिलेला, टू-फॅक्टरसाठी दिलेला, मेसेंजरला दिलेला, आणि मित्राने आपली संपर्कयादी चढवली तेव्हा त्यातून आलेला. हे सगळे जाहिरातीसाठी वापरले जात होते. शेवटचा मार्ग तर कहर आहे. नंबर तुम्ही दिलेलाच नाही, तुमच्या मित्राने दिला. एका पत्रकार महिलेने लेखकांपैकी ॲलन मिस्लव्ह यांच्या ऑफिसच्या लँडलाइन नंबरवर जाहिरात लावून पाहिली. तो नंबर त्यांनी फेसबुकला कधीच दिला नव्हता, तरी जाहिरात त्यांना काही तासांत दिसली.

एक गोष्ट खास तुमच्यासाठी : या पेपरचे पहिले लेखक गिरिधारी वेंकटाद्री तेव्हा डॉक्टरेटचे विद्यार्थी होते. कंपनीच्या आतला कोणी फितूर नाही, चोरून मिळालेली कागदपत्रं नाहीत. जाहिरातदाराला जो पडदा दिसतो, तो नीट पाहिला.

परिणामही झाले. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने 2019 मध्ये फेसबुकविरुद्ध 500 कोटी डॉलरच्या दंडासह जो आदेश घेतला, त्यात सुरक्षेसाठी घेतलेले नंबर जाहिरातीला वापरायला मनाई आहे. ट्विटरलाही 2022 मध्ये याच प्रकारासाठी 15 कोटी डॉलर भरावे लागले. तिथे 14 कोटींहून जास्त लोकांनी सुरक्षेच्या नावाखाली फोन नंबर किंवा ईमेल दिले होते. म्हणजे संशय नुसता खरा ठरला नाही, तर त्याची बाजारभावाने किंमतही ठरली.

दुसरा संशय : फोन आपलं बोलणं ऐकतो

हा तर सगळ्यांचा आवडता. “आम्ही घरी फक्त बोललो मिक्सरबद्दल, आणि लगेच मिक्सरची जाहिरात!” नॉर्थईस्टर्नच्याच दुसऱ्या गटाने 17,260 अँड्रॉइड ॲप्स घेतले. कॅमेरा-माइकची परवानगी कोण मागतं, कोडमध्ये ती कुठे वापरली जाते, आणि ॲप चालू असताना आवाज, फोटो, व्हिडिओ बाहेर जातात का, हे तपासलं. चोरून आवाज पाठवल्याचा पुरावा मिळाला नाही.

पण शोधताना भलतंच हाती लागलं. काही ॲप्स वापरणाऱ्याच्या स्क्रीनचंच चित्रीकरण करून तिसऱ्या कंपनीला पाठवत होते. खाद्यपदार्थ घरपोच देणारं गोपफ त्यातलं एक. आणि स्वतःच्या ॲपची स्क्रीन टिपायला माइक-कॅमेऱ्यासारखी वेगळी परवानगी लागतच नव्हती. सगळे माइककडे डोळे लावून बसलेले, आणि माल बाहेर जात होता खिडकीतून.

दोन्ही पेपर शेजारी ठेवले तर

आता टीका. कौतुक करून थांबलो तर तो पेपरचा सारांश होईल.

पहिल्या पेपरची ताकद त्याच्या प्रश्नात आहे. प्रश्न असा घातला आहे, की उत्तर “नाही” येऊ शकलं असतं. पण तो काय सांगत नाही तेही बघा. नंबर जाहिरातीला उपलब्ध होता, एवढं तो दाखवतो. किती जाहिरातदारांनी तो खरोखर वापरला, हे दाखवत नाही. कंपनीने हे जाणूनबुजून केलं की कोणाच्या लक्षातच आलं नाही, हेही नाही. “लबाडी” हा शब्द वापरायचा असेल, तर त्यासाठी वेगळा पुरावा लागेल.

दुसऱ्या पेपरचा तर बातम्यांनी “फोन ऐकत नाही हे सिद्ध झालं” असा अर्थ लावला. चूक! पुरावा मिळाला नाही आणि तसं घडत नाही, या दोन वाक्यांत फार मोठी दरी आहे. ॲप्स यंत्राने आपोआप चालवले होते, माणसाने लॉगिन करून नाही. आवाजाचं फोनमध्येच मजकुरात रूपांतर करून तेवढाच मजकूर पाठवला, तर या पद्धतीला तो दिसला नसता. या मर्यादा लेखकांनी स्वतःच लिहिल्या आहेत. म्हणून पेपर हातात आला की मर्यादांचा परिच्छेद आधी वाचा. लेखकाचा प्रामाणिकपणा तिथे कळतो.

आणि सिनिक माणसाचं काय? पहिल्या वेळी तो म्हणाला, “मी सांगितलंच होतं.” दुसऱ्या वेळी म्हणाला, “विकले गेले असतील संशोधक.” दोन्ही निकालांनी त्याचं मत तसूभर हललं नाही. जे मत कशानेच हलत नाही, त्याच्यातून नवीन काही कळतही नाही. स्क्रीनचं चित्रीकरण त्याला कधीच सापडलं नसतं, कारण त्याला उत्तर आधीच माहीत होतं.

यात नुकसानही आहे. “नंबर जाहिरातीला वापरतात, मग टू-फॅक्टर बंदच करा” हा निष्कर्ष कानाला कडक वाटतो, पण त्याने खातं चोराला सोपं होतं. नंबर न देता, ऑथेंटिकेटर ॲपनेही टू-फॅक्टर चालतं. फेसबुकनेही मे 2018 पासून तशी सोय दिली. कंपनीवर अविश्वास ठेवा, पण कुलूप कशाला फेकता?

किल्ल्या कोणाकडे

माझ्या मते खरी काळजी इथे आहे. ज्या अंदाजी आकड्यावर पहिला प्रयोग उभा होता, तो आकडा अशा याद्यांसाठी दाखवणं फेसबुकने मार्च 2018 मध्ये थांबवलं. कारणही रास्त होतं : त्यातून माहिती गळते, हे याच संशोधकांनी कळवलं होतं. पण 2021 मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठात राजकीय जाहिरातींचा अभ्यास करणाऱ्यांची खाती फेसबुकने बंद केली. 2023 मध्ये ट्विटरने डेटा घेण्याची फुकट सोय काढली. 2024 मध्ये मेटाने क्राउडटँगल बंद केलं. प्रत्येक वेळी कंपनीकडे कारण होतं, आणि प्रत्येक वेळी बाहेरून पाहणाऱ्याची एक खिडकी मिटली. “सगळे चोर” म्हणणाऱ्याला याने काही फरक पडत नाही. त्याला खिडकी लागतच नव्हती. फरक पडतो तुम्हाला.

आपल्याकडेही 2023 चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा सांगतो, की संमती ज्या कारणासाठी दिली, त्याच कारणापुरती ती धरायची. हे पाळलं जातंय का, हे बाहेरून कोणी, कसं तपासायचं? नंबर तर आपण दुकानाच्या बिलापासून परीक्षेच्या अर्जापर्यंत सगळीकडे देतो. एखाद्याच्या पीएचडीला पुरेल एवढं काम यात आहे.

तर एक गृहपाठ. तुमचा सगळ्यात लाडका संशय कागदावर लिहा. खाली लिहा, तो खरा असेल तर नेमकं काय दिसेल. त्याखाली, खोटा असेल तर काय दिसेल. तिसरी ओळ लिहिताना बहुतेकांचं पेन अडतं. तुमचं अडलं, तर गाइडकडे जायच्या आधी त्या ओळीवर आठवडाभर बसा.